अर्ध्या भिंतीपलीकडचा कारभार

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी संसार केले, त्यांना स्वयंपाकघर ही घरातील एक स्वतंत्र खोली असते ही कल्पना पुष्कळ उशिरा परिचयाची झाली. गिरणीची चाळ असो, मागवाल्याचे घर असो वा विडी वळणाऱ्या स्त्रियांची वस्ती असो, चूल ही खोलीच्या एका कोपऱ्यात मांडलेली असे आणि तिच्या व उरलेल्या खोलीच्या मध्ये कमरेइतक्या उंचीची एक अर्धी भिंत, एवढाच काय तो सीमाविभाग. भिंतीच्या अलीकडे घरातील माणसे बसत, निजत, अभ्यास करीत, आजारी पडत. पलीकडे चार हात लांब आणि तीन हात रुंद अशा जागेत चूल, मोरी, पाण्याची भांडी, धान्याची कोठी आणि स्वयंपाक करणारी स्त्री इतक्यांचा समावेश होई. माझ्या आयुष्याचा फार मोठा भाग या पलीकडच्या जागेत गेला. आणि घरच्या माणसांखेरीज परक्या माणसांनाही दरमहा मुक्रर रकमेवर जेवू घालण्याचा, म्हणजे खाणावळीचा, व्यवसाय मी तेथूनच केला. पुढे खाणावळ आटोपल्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकण्याचा उद्योगही त्याच जागेत चालला. लहान स्वयंपाकघराचा पुरेपूर उपयोग कसा करावा याविषयी मला जे म्हणावयाचे आहे, ते या व्यवसायाच्या अनुभवातून आलेले आहे.

गृहव्यवस्थेविषयी जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात अशा स्वयंपाकघरासाठी बहुधा फळ्या, खुंट्या, कप्पे आणि एकात एक बसणारी भांडी यांची शिफारस केलेली आढळते. ही साधने उपयुक्त आहेत, आणि त्यांपैकी जी परवडली ती मी वापरलीही. आमच्या आज्या-पणज्यांची उतरंड हीच मुळी उभ्या जागेचा उपयोग करून घेण्याची योजना होती: तळाला सर्वांत मोठे मडके, त्यावर क्रमाने लहान, तळाच्यात वर्षाकाठी एकदोनदा लागणारे जिन्नस आणि शेंड्याच्या गाडग्यात रोज हाताला लागणारे मीठ. आढ्याला टांगलेले शिंके हीदेखील डोक्यावरच्या रिकाम्या जागेची तजवीजच. परंतु उंचीच्या उपयोगाला सोलापुरात एक मर्यादा आहे, ती उन्हाळ्याची. चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या पुढे गेला म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या वरच्या फळीवर ठेवलेला गूळ पाघळतो, तेल खवट होते आणि शेंगदाण्याला वास येतो; म्हणजे वर्षाचे तीन-चार महिने सर्वांत वरची फळी भांड्यांपुरतीच उपयोगी राहते. भिंतीला कितीही खुंट्या ठोकल्या तरी अखेर एक दिवस असा येतो की ठोकावयास भिंत उरत नाही. त्यानंतर जी जागा मिळवावयाची, ती दिवसाच्या प्रहरांतून मिळवावी लागते. पहाटे ज्या हातभर जमिनीवर काटवट असते, तीच जमीन सूर्योदयानंतर पाण्याच्या हंड्यांना, दुपारी ताटांना आणि तिसऱ्या प्रहरी निवडटिपणाला मिळू शकते. मात्र प्रत्येक कामाने आपली वेळ संपताच जागा बिनतक्रार सोडली पाहिजे. एका कामाचा पसारा दुसऱ्या कामाच्या प्रहरात शिरला की लहान स्वयंपाकघर कोसळते. मोठ्या घरातील गृहिणीला भांडे तासभर तसेच ठेवून देण्याची मुभा असते. ती मुभा नाही हे ज्या स्त्रीने एकदा मनाशी पक्के केले, तिचे अर्धे काम झाले, असे मी समजते.

या प्रहरांच्या हिशेबात सोलापुरात सर्वांत आधी पाण्याचा विचार करावा लागतो. पूर्वी एकरुख तलाव, म्हणजे ज्याला आम्ही हिप्परग्याचा तलाव म्हणतो तो, आणि भीमेवरील टाकळीचे पाणी यांवर शहराची भिस्त होती; १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि पुढे तेथूनही पाणी आले, तरी नळाला रोज पाणी ही गोष्ट आमच्या वाट्याला आली नाही. पाण्याची पाळी चार-चार, पाच-पाच दिवसांनी यावयाची हे येथील अनेक वस्त्यांना अंगवळणी पडलेले आहे. तेव्हा ज्या स्वयंपाकघरात आधीच जागा नाही, त्याचा मोठा हिस्सा पिंपे, हंडे आणि कळश्या अडवून बसतात. मी पिंपावर घट्ट बसेल अशी जाड फळी सुताराकडून करवून घेतली आणि पाणी भरल्यानंतर तिच्यावरच भाजी चिरण्याचे, डबे भरण्याचे काम चालविले. परंतु त्याहून मोठा उपयोग झाला तो जेवणाचा बेत पाण्याच्या वयावर ठरविण्याचा. पाणी आल्या दिवशी पालेभाजी, कारण मेथी-चुक्याची माती तीन पाण्यांशिवाय सुटत नाही. त्याच दिवशी कडधान्य भिजत घालणे, तांदूळ-डाळी धुऊन वाळविणे, मोठी पातेली घासणे. दुसऱ्या दिवशी मोडाची उसळ. तिसऱ्या दिवशी वांगे, दोडका, भोपळा अशा, एका धुण्यात भागणाऱ्या भाज्या. चौथ्या दिवशी पिठले किंवा झुणका, चटणी, भाकरी आणि कांदा, ज्यांना पाणी लागते ते जवळजवळ केवळ शिजण्यापुरते. आमच्या मेंबरांना, म्हणजे महिनेवारी जेवणाऱ्यांना, हा शिरस्ता इतका परिचयाचा झाला होता की ताटातील पदार्थावरून त्यांना नळाची वार्ता कळे.

धान्याच्या बाबतीत निसर्गाने आमच्यावर एक उपकार केलेला आहे. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि जिला सर्वत्र मालदांडी म्हणून मागणी आहे ती ३५-१ ही निवड याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात झालेली. ही ज्वारी दाण्याच्या रूपात उत्तम टिकते, परंतु तिचे पीठ फार दिवस ठेवता येत नाही. जुन्या पिठाची विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा नाहीसा होतो आणि भाकरी थापताना कडेने तडकू लागते. यामुळे पिठाचा मोठा डबा हा ज्वारी खाणाऱ्या घरात निरर्थक आहे. धान्याचे पोते पलंगाखाली किंवा अर्ध्या भिंतीच्या अलीकडे बसण्याचा चौथरा म्हणून राहू शकते, आणि चुलीजवळ तीन-चार दिवसांचे पीठ एवढेच पुरते. गव्हाच्या पिठाला हा नियम इतक्या काटेकोरपणे लागू होत नाही, म्हणून पोळीच्या घरात पिठाचे डबे वाढत जातात.

विरीचे महत्त्व आम्हांला १९७२ च्या दुष्काळाने जितके शिकविले तितके अन्य कशानेही नाही. त्या साली आणि पुढील वर्षी स्वस्त धान्य दुकानांतून अमेरिकेची तांबडी मिलो मिळे. तिचे पीठ कितीही कढत पाण्यात भिजविले तरी गोळा एकजीव होत नसे, भाकरी तव्यावर टाकताना हातातच दुभंगे, आणि उकडीचे पाणी, मळण्याचा वेळ, सरपण या तिन्हींचा खर्च वाढे. ज्यांच्याजवळ सरपण आणि वेळ मोजकाच होता, त्यांना निकृष्ट धान्याने स्वयंपाकघर किती लहान होते हे त्या वर्षांनी दाखविले. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या स्त्रीने रात्री त्या पिठाशी केलेली झुंज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना धान्याच्या गुणाचा प्रश्न केवळ चवीचा वाटणार नाही.

अग्नीचा बंदोबस्त हा या कारभारातील तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत कौशल्याचा भाग. जुन्या चुलीला वैल असे, ही रचना ज्याने प्रथम कल्पिली त्याच्या बुद्धीविषयी मला आजही आदर वाटतो. पुढच्या तोंडावर तवा, त्याच जाळाची मागे जाणारी धग वैलीवरच्या आमटीला किंवा डाळीला, आणि चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर भाकरी फुगविण्याची सोय: एका जाळावर तीन कामे. तुराट्या, काटक्या आणि गोवऱ्या यांचा जाळ कोणत्या कामाला केव्हा द्यावयाचा याचे तारतम्य पाहिजे. तुराटी भडकते आणि लवकर विझते, म्हणून ती तवा तापविण्यापुरती, आणि गोवरी मंद धुमसते, म्हणून ती डाळीला. धूर मात्र असह्य होता. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगनचूल आणि हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केलेली बिनधुराची चूल यांची माहिती मला पुष्कळ नंतर वाचावयास मिळाली, आणि धुराडे ही ज्या काळी सहज करता येण्यासारखी गोष्ट होती त्या काळी ती आमच्या चाळींत का आली नाही, याची हळहळ वाटली. छपराला एक भोक आणि मातीच्या नळाचे दोन तुकडे, एवढ्यावर कित्येक स्त्रियांचे डोळे आणि छाती वाचली असती.

चुलीनंतर भुशाची शेगडी आली. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडावयाचे, मधोमध गोल दांडका उभा धरून सभोवती लाकडाचा भुसा ठासून भरावयाचा, दांडका हलकेच काढून घ्यावयाचा आणि खालून पेटवावयाचे. नीट ठासलेला भुसा दोन-तीन तास एकसारखी आच देतो. ही शेगडी उंबऱ्याबाहेर पेटवून तिचा पहिला धूर ओसरू देणे आवश्यक असे, आणि तिच्यावर डाळ चढवून ठेवली की तिच्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण नसे. खाणावळवालीच्या दृष्टीने हा लाभ फार मोठा. कारण त्या दोन तासांत तिचे दोन्ही हात भाकरीला मोकळे राहत. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यानंतर गॅस आल्यावर जागा वाचली, धूर गेला आणि पहाटेची झोप थोडी वाढली. परंतु एका जाळावर तीन कामे करण्याची सवय तुटली आणि प्रत्येक पदार्थासाठी निराळा चटका लागतो असे नव्या सुनांना वाटू लागले. मी गॅसवरही तव्याच्या आधी डाळ उकळून घेते आणि जाड बुडाच्या पातेल्यावर झाकण व वर गोणपाटाची घडी घालून ती बाजूला ठेवते; भाकरी होईपर्यंत ती आपोआप मऊ होते.

भाकरीचे काम एकामागून एकच व्हावयाचे. पोळीची कणीक एकदम मळून ठेवता येते. ज्वारीच्या पिठाचे तसे नाही, प्रत्येक भाकरीचा गोळा त्या त्या वेळी रगडावा लागतो. एक किलो पिठात साधारणतः दहा भाकरी होतात, आणि खाणावळीला दिवसाचे किती किलो लागत याची कल्पना गिरणीकामगाराच्या भुकेचा ज्यांना अनुभव आहे त्यांना सहज येईल. म्हणून बसण्याची जागा हीच या कामाची खरी यंत्रशाळा. उजव्या हाताला पिठाचा डबा, डाव्या हाताला कढत पाण्याचे पातेले, समोर काटवट, काटवटीच्या पलीकडे तवा. कोणत्याही वस्तूसाठी पाठीचा कणा वळवावा लागू नये, हा दंडक. पाण्याचे पातेले हातभर लांब असले तर एका भाकरीत त्याचा त्रास जाणवत नाही, परंतु शेकड्याने भाकरी करणाऱ्या बाईचे खांदे त्या हातभर अंतराने महिन्याभरात धरतात. या एका बाबतीत लहान जागा मोठ्या जागेहून श्रेष्ठ आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. तिच्यात वस्तू आपोआप हाताच्या टप्प्यात येतात.

जेवणाऱ्यांच्या बाबतीत गिरणीच्या पाळ्यांनी आमची मोठी सोय केली होती. अर्ध्या भिंतीच्या अलीकडे एका वेळी चार माणसे मांडी घालून बसू शकत. एकदम बारा जण आले असते तर खाणावळ चालणे अशक्य होते. परंतु गिरणी तीन पाळ्यांत चाले, भोंगा तीनदा होई, आणि मेंबरही त्याच क्रमाने विभागलेले असत. पहिल्या पाळीचे उठेपर्यंत दुसऱ्या पाळीचे हातपाय धूत असत. चार पाट, चार ताटे, चार वाट्या आणि चार पेले यांवर मी ही पंगत चालविली, कारण अधिक भांडी ठेवावयास जागा नव्हती आणि घासून लगेच मांडावीच लागल्यामुळे मोरीत खरकट्याचा ढीग कधी साचत नसे. लेखी जमाखर्चाची वही मी चुलीपासून दूर, अर्ध्या भिंतीवरच्या देवळीत ठेवी. तिच्यात खाडे, आगाऊ रकमा आणि थकबाकी यांच्या नोंदी असत. पुरुष मंडळींना त्या वहीचे फार आश्चर्य वाटे.

मुंबईच्या गिरणगावातही याच प्रकारे सहस्रावधी स्त्रिया एका खोलीच्या बिऱ्हाडात कामगारांना जेवू घालीत होत्या. त्यांच्या कष्टांची दखल घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्या स्त्रियांसाठी उघडण्याचे काम केले. सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या खाणावळवालीला बँकेने कर्ज दिले की ती ज्वारी आणि तेल हंगामात घाऊक घेऊ शकते, आणि घाऊक घेतलेल्या मालामुळे तिचे लहान स्वयंपाकघर अधिकच लहान होते, हे खरे. तरीही तो सौदा लाभाचाच. मी ती बातमी वाचली तेव्हा चुलीपाशी बसून केलेल्या कामाला कोणी दप्तरी व्यवसाय म्हणून नोंदवून घेते, या एका विचाराने मला जो धीर आला तो सांगता येण्यासारखा नाही.

आमच्या शेजारची घरे तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची. तेलंगणातून मागाच्या धंद्यासाठी त्यांचे पूर्वज येथे आले, आणि पुष्कळ घरांत माग हाच खोलीचा मालक असे. चूल त्याच्या मागे अंग चोरून बसलेली. स्त्रियांपैकी बहुसंख्य विड्या वळीत. विडीचे काम आणि स्वयंपाक ही दोन्ही एकाच खोलीत होणे हे किती अवघड आहे, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवावयाची, पत्र्याच्या मापाने कापावयाची, मांडीवर सूप घेऊन त्यात तंबाखू, आणि हजाराचा आकडा भरेपर्यंत मान वर करावयाची नाही. तंबाखूची भुकटी हवेत तरंगते आणि उघड्या पिठावर, दुधावर, तान्ह्या मुलाच्या तोंडावर बसते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी करणारीलाही कामगाराचा दर्जा दिला. परंतु तिच्या चुलीचे काय करावयाचे, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत येण्यासारखा नव्हता. आमच्या शेजारच्या अक्कांनी तो प्रहरांच्या हिशेबानेच सोडविला होता. पहाटे भात आणि चारू, म्हणजे चिंचेचे पातळ सार, सर्व झाकून फडक्यात बांधून अर्ध्या भिंतीवर. त्यानंतर चूल सारवून बंद, आणि मग सूप. विड्या कारखान्यात देऊन येईपर्यंत घरात अन्नाचे झाकण उघडावयाचे नाही. सायंकाळी आधी जमीन ओल्या फडक्याने पुसावयाची, अंगावरचे लुगडे बदलावयाचे, आणि मग पुन्हा अग्नी. या कडक नियमाला त्यांच्या मुलांनी कधी अपवाद होऊ दिला नाही, कारण अक्का तो होऊ देत नसत.

त्या शेजाराचा मला आणखी एक उपयोग झाला, आणि तो मी लहान स्वयंपाकघराच्या प्रत्येक विचारात फार वरच्या जागी ठेवते. उखळ, मोठे पातेले, पुरणयंत्र, शेवयांचा पाट या वस्तू प्रत्येक घरात असण्याचे कारण नव्हते. चौकातील दगडी उखळ सर्वांचे. मोठी पातेली आमच्याकडे, कारण खाणावळ आमची. पुरणयंत्र एका लिंगायत कुटुंबाकडे, कारण हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि पुरण यांत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. पाटा-वरवंटा दाराशी असलेल्या शेवटच्या बिऱ्हाडात. वस्तू कोणाकडे आहे, कोणत्या वेळी मागावयाची, धुऊन परत करावयाची, या सर्वांची अलिखित वहिवाट होती. शहरात आता प्रत्येकाच्या ओट्याखाली वर्षातून दोनदा लागणारी यंत्रे ठेवलेली दिसतात आणि ओट्याखाली जागा नाही अशी तक्रार ऐकू येते. ती तक्रार खरी आहे, परंतु तिचे मूळ शेजार संपण्यात आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या जुन्या मोठ्या गिरण्या थंडावल्या, भोंगे बंद झाले आणि मेंबर पांगले. तेव्हा मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांकडे वळले. हे दोन पदार्थ सोलापूरची ओळख म्हणून आज बाहेरगावी जातात. मला मात्र त्यांच्यात लहान स्वयंपाकघराचे शहाणपण दिसते. कडक भाकरी पातळ थापतात, मंद आचेवर दोन्ही अंगांनी दाबून भाजतात आणि पाण्याचा अंश राहणार नाही अशी वाळवितात. ती कित्येक दिवस टिकते, उभी रचली तर एका टोपलीत शंभरावर मावते, आणि खाताना तिला ना तवा लागतो ना सरपण. शेंगा चटणीत भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ. परंतु ती यंत्रात वाटून होत नाही, कुटूनच व्हावी लागते, कारण घावाने दाण्यातील तेल सुटते आणि तेच तेल तिला टिकविते. ज्या दिवशी वेळ, ऊन आणि पाणी आहे त्या दिवशीचे श्रम, ज्या दिवशी त्यांपैकी काहीच नाही त्या दिवसासाठी राखून ठेवण्याची ही योजना आहे. मागावरून, विडीवरून, गिरणीतून थकून आलेल्या स्त्रीला चूल न पेटविता मुलांच्या हाती भाकरी-चटणी देता येते, यात तिच्या विश्रांतीची जी तरतूद आहे ती फार मोलाची वाटते.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा मागणी शिगेला पोचते, आणि त्या पंधरवड्यात माझ्या कोपऱ्यातील दुसरे सर्व व्यवहार स्थगित असतात. घरचा स्वयंपाक शेजारी होतो. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी मला त्या दिवसांत आयती खावयास मिळते. आषाढ-श्रावणात उलट अवस्था. हवेतील ओल भाकरीत शिरते, म्हणून त्या महिन्यांत मी भाकरी थांबविते आणि चटण्यांवर भर देते: शेंगा, कारळे, जवस. वर्षाचाही असा प्रहरवार हिशेब असतो.

माझ्या एका भाचीने वास्तुरचनेचा अभ्यास करताना मला एका स्वयंपाकघराचा नकाशा दाखविला. व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्ट शहरातील कामगार-वसाहतींसाठी तो तयार केला होता. आगगाडीच्या भोजनडब्यातील अरुंद स्वयंपाकघरांचा अभ्यास करून, पावले आणि हाताचे फेरे मोजून, १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब जागेत त्यांनी सर्व बसविले, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. ती जागा आमच्या कोपऱ्याच्या दुपटीहून अधिक होती, तरी तिच्यातील विचार मला ओळखीचा वाटला: प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक हालचालीला कारण, खिडकीखाली बसून काम करण्यासाठी स्टूल. ज्या वस्तीतील बाईचे नाव इतिहासात कधी येणार नाही, तिच्या पावलांची मोजदाद एखाद्या शिक्षित स्त्रीने करावी, ही गोष्ट मला अत्यंत आदरणीय वाटते. मात्र त्या नकाशात एकटीच स्त्री उभी आहे. मूल, सासू, शेजारीण यांना तेथे बसावयास जागा नाही. अर्ध्या भिंतीवरून मुलाच्या पाढ्यांवर लक्ष ठेवीत भाकरी थापणे मला शक्य झाले. बंद खोलीत ते झाले नसते.

नव्या घरांच्या बाबतीत सोलापूरने अलीकडे फार मोठे काम पाहिले आहे. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर यांच्या नावाची वसाहत उभी राहिली, दहा हजारांवर घरांची, आणि २००६ मध्ये ती स्त्रियांच्या हाती आली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर उभे राहिले आणि तेथील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. घर स्त्रीच्या नावावर असणे म्हणजे काय, हे भाड्याच्या खोलीत चूल मांडून जन्म काढलेल्यांना विचारावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) दुर्बल घटकाच्या घरासाठी ३० चौरस मीटरपर्यंतचे चटईक्षेत्र धरलेले होते. त्यात स्वयंपाकाचा हिस्सा कितीसा येणार, हे उघड आहे. तेवढा तरी तो विचारपूर्वक द्यावा, एवढेच मागणे आहे.

आजकालचा ओटा हा उभे राहून स्वयंपाक करण्यासाठी असतो आणि त्याची उंची बेताच्या उंचीच्या बाईच्या कमरेच्या वर येते. भाजी फोडणीला टाकण्यास ती ठीक आहे. भाकरी थापण्यास मुळीच नाही. भाकरी खांद्याच्या भाराने थापली जाते, हात वरून खाली उतरला पाहिजे. उंच ओट्यावर तो भार मनगटावर येतो, आणि ज्वारी खाणाऱ्या कुटुंबातील बाई वर्षभरात मनगट धरून बसते. यामुळे नवीन सुना गव्हाकडे वळतात, आणि लोक म्हणतात की मुलींना भाकरी येत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईने नव्या घरात गवंड्याकडून ओट्याच्या शेजारी, मांडी घालून बसल्यावर काटवट नीट समोर येईल इतक्या उंचीचा एक कट्टा घालून घेतला, वर शहाबादी फरशी बसविली, आणि पलीकडच्या भिंतीत हातभर झरोका पाडला. त्या कट्ट्यावर पहाटे भाकरी होते, दुपारी मुलगी अभ्यासाला बसते, सायंकाळी पाणी भरलेल्या कळश्या राहतात. फरशीचा एक तुकडा आणि गवंड्याची एक दिवसाची मजुरी, याहून त्याला अधिक काही लागले नाही. हजारो घरे एका नकाशावरून बांधली जातात तेव्हा हा कट्टा आणि तो झरोका नकाशातच दाखविला जावा, आणि त्याची उंची ठरविण्यापूर्वी भाकरी करणाऱ्या चार बायकांना बसवून मापे घेतली जावीत, अशी माझी विनंती आहे. ती मी जेथे जेथे ऐकून घेतले जाते तेथे तेथे आजवर मांडत आले आहे.